प्रकल्प नोंदी : रिमोट सेशनमधला अ‍ॅडमिन प्रॉम्प्ट

३ मार्च

काम हाती आलं. मागणी एका ओळीची आहे : रिमोट सपोर्ट देताना मध्येच स्क्रीन काळी होते, ती होऊ नये असं करा. सोबत उपायही सुचवलेला आहे : ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनच्या सेटिंग एकाच जागेवरून ठरवायची विंडोजची सोय) सिक्युअर डेस्कटॉप, म्हणजे अधिकार विचारताना समोर येणारी वेगळी सुरक्षित स्क्रीन, सगळ्या मशीनवर बंद करून टाका. हेल्पडेस्कवरची मंडळी या प्रकाराला वैतागलेली आहेत, त्यामुळे मागणी समजते. उपायाला मात्र अजून हो म्हटलेलं नाही. आधी चाचणी.

सध्याची स्थिती : बहुतेक मशीन विंडोज ११ वर, काही अजून १० वर, मोजके मॅक. युजर स्टँडर्ड खात्यावर काम करतात, अ‍ॅडमिन अधिकार कुणाकडे नाहीत. सपोर्टचं टूल इन्स्टॉल केलेलं नसतं. युजर एक छोटी फाइल चालवतो, समोर आलेला नंबर फोनवर सांगतो आणि आपण आत शिरतो.

५ मार्च

काळी स्क्रीन म्हणजे टूलचा दोष असं टीममधल्या निम्म्या लोकांना वाटतं, म्हणून आज फळ्यावर समजावून सांगितलं.

यूएसी (युजर अकाउंट कंट्रोल), म्हणजे मोठे अधिकार देण्याआधी परवानगी किंवा पासवर्ड मागणारी सोय, व्हिस्टापासून विंडोजमध्ये आहे. तिची चौकट म्हणजे प्रॉम्प्ट. एखाद्या प्रोग्रॅमला अ‍ॅडमिन अधिकार लागले की विंडोज नेहमीचा डेस्कटॉप बाजूला सारून दुसराच डेस्कटॉप समोर आणतं. लॉगिनची स्क्रीन आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीटची स्क्रीन जिथे दिसते तोच हा, विनलॉगऑनचा (लॉगिन सांभाळणारा विंडोजचा भाग). यालाच सिक्युअर डेस्कटॉप म्हणतात. मागे आपली खिडकी अंधुक दिसते खरी, पण ते निव्वळ काढून ठेवलेलं चित्र असतं. या डेस्कटॉपवर सिस्टिम खात्याखाली चालणाऱ्या प्रक्रियांनाच प्रवेश आहे. युजरच्या खात्याखाली चालणारा कुठलाही प्रोग्रॅम, मग तो व्हायरस असो की आपलं सपोर्ट टूल, तिथलं चित्र पाहू शकत नाही आणि तिथे माऊस-कीबोर्डही पाठवू शकत नाही. आपल्या बाजूला काळं दिसतं ते यामुळे. विंडोजच्या स्वतःच्या क्विक असिस्ट या रिमोट मदतीच्या टूलमध्येही प्रॉम्प्ट आला की मदत करणाऱ्याला काही दिसत नाही.

म्हणजे तक्रार ज्याबद्दल आहे ते नेमकं अपेक्षेप्रमाणे चालू आहे. हे ऐकून कुणाला बरं वाटलं नाही, ते साहजिकच आहे.

७ मार्च

सुचवलेला उपाय चाचणीच्या मशीनवर करून पाहिला. सिक्युअर डेस्कटॉपची पॉलिसी बंद केली, रिमोटने आत गेलो, इन्स्टॉलर चालवला. प्रॉम्प्ट दिसला! माऊस नेऊन पासवर्डच्या चौकटीत क्लिक केलं, काही नाही. टाइप केलं, अक्षर उमटेना.

कारण असं की विंडोज प्रत्येक प्रक्रियेला एक विश्वासपातळी देतं : लो, मीडियम, हाय, सिस्टिम. खालच्या पातळीवरची प्रक्रिया वरच्या पातळीच्या खिडकीला क्लिक किंवा की-स्ट्रोक पाठवू शकत नाही. आपलं टूल मीडियमवर, प्रॉम्प्ट दाखवणारी प्रक्रिया सिस्टिमवर. आता दिसतं, पण हात पोचत नाही.

किंमत मात्र पूर्ण मोजावी लागते. प्रॉम्प्ट साध्या डेस्कटॉपवर आला की युजरच्या खात्यात चालणारा कुठलाही प्रोग्रॅम हुबेहूब तशीच खिडकी काढून पासवर्ड मागू शकतो, आणि खऱ्या-खोट्यातला फरक कळायची सोय कमी होते. आपले युजर स्टँडर्ड असल्याने प्रॉम्प्ट नुसतं ‘होय’ मागत नाही, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो. चोराला हवं असतं तेच.

चाचणीचा स्क्रीन-रेकॉर्ड मागणी करणाऱ्यांना पाठवला. सोबत दोन वाक्यं, जास्त नाही.

८ मार्च

उत्तर आलं : “मग ती दुसरी पॉलिसी आहे ना, यूआयअ‍ॅक्सेसवाली?” आहे. सिक्युअर डेस्कटॉप न वापरता प्रॉम्प्ट दाखवायची मुभा ती काही प्रोग्रॅमना देते. ती मूळ विंडोज रिमोट असिस्टन्ससारख्या प्रोग्रॅमसाठी आहे. डिजिटल सही केलेला, प्रोग्रॅम फाइल्ससारख्या सुरक्षित फोल्डरमध्ये इन्स्टॉल झालेला आणि मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमला काय लागतं ते सांगणारी त्याच्यासोबतची नोंद) तसं जाहीर केलेला प्रोग्रॅमच तिचा फायदा घेऊ शकतो. डाउनलोड फोल्डरमधून चालवलेली आपली फाइल यात बसत नाही. हाही रस्ता बंद.

११ मार्च

आज जुनी टिकिटं (युजरच्या तक्रारींच्या नोंदी) काढून वाचत बसलो. प्रॉम्प्ट दिसावा कसा हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून, प्रॉम्प्ट मुळात येतो कशासाठी, ते पाहायचं होतं. दिवस सत्कारणी लागला.

सगळ्यात मोठा गठ्ठा प्रिंटरचा. त्याला इतिहास आहे. प्रिंटनाइटमेअर नावाने गाजलेल्या त्रुटीनंतर ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून, प्रिंट सर्व्हरवरून ड्रायव्हर बसवायला विंडोज मुळातच अ‍ॅडमिन अधिकार मागतं. त्याआधी साधा युजर स्वतः जोडून मोकळा व्हायचा. ती सवय राहिली, नियम बदलला, आणि टिकिटं आपल्याकडे येऊ लागली. ते बंधन सैल करणारी सेटिंग विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात) आहे, ती वापरायची नाही हे लगेच लिहून ठेवतो. ड्रायव्हर आधीच मशीनवर ढकलून ठेवले तर प्रॉम्प्टच येणार नाही.

दुसरा गठ्ठा सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्याचा. यातलं बरंचसं आपल्या डिप्लॉयमेंट सिस्टिममध्ये (मशीनवर दुरून सॉफ्टवेअर बसवणारी व्यवस्था) आधीच आहे, पण हेल्पडेस्कवर घाई असते आणि हाताने इन्स्टॉल करणं सवयीचं. डिप्लॉयमेंटमधून गेलं की इन्स्टॉलर सिस्टिम खात्याखाली चालतो, युजरसमोर काहीच येत नाही.

मग एक मजेशीर प्रकार. एका जुन्या अंतर्गत प्रोग्रॅमची एक फाइल रोज सकाळी अ‍ॅडमिन पासवर्ड मागते. तिला अ‍ॅडमिनचं काडीचंही काम नाही. ३२ बिटची फाइल, मॅनिफेस्ट नाही आणि नावात ‘अपडेट’ हा शब्द. विंडोज अशा फाइलचं नाव पाहून हा इन्स्टॉलर असावा असा अंदाज बांधतं आणि अधिकार मागतं. नाव बदलून चालवली तर निमूट चालते. रोज सकाळी कुणीतरी फोन करतो, कुणीतरी रिमोटने जातो, कुणीतरी पासवर्ड टाकतो, आणि हे सगळं फाइलच्या नावापायी.

काही टिकिटांत तर प्रॉम्प्टची गरजच नव्हती. टाइमझोन बदलायला स्टँडर्ड युजरला अ‍ॅडमिन लागत नाही, घड्याळाची वेळ बदलायला लागतो. आपले लोक दोन्हीसाठी एकाच जुन्या कंट्रोल पॅनेलच्या वाटेने जात होते.

यातून कामाची दिशा बदलली. आधी प्रॉम्प्ट कमी करायचे, आणि उरतील त्यांना उत्तर कोण देणार, कुणाच्या पासवर्डने, ते ठरवायचं.

१३ मार्च

उरलेल्यांसाठी टूल सर्व्हिस म्हणून (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम) बसवायचं का, यावर नेटवर्क टीमबरोबर बैठक.

तांत्रिकदृष्ट्या उत्तर सरळ आहे. सर्व्हिस सिस्टिम खात्याखाली सेशन शून्यमध्ये (युजरच्या लॉगिनपासून वेगळ्या सेशनमध्ये) चालते, युजरच्या सेशनमध्ये आपली एक मदतनीस प्रक्रिया सिस्टिमच्याच अधिकारांनी सुरू करते, आणि समोरचा डेस्कटॉप बदलला की तिच्यासह विनलॉगऑनच्या डेस्कटॉपवर जाते. क्षणभर चित्र थांबतं, मग प्रॉम्प्ट दिसतो, क्लिकही होतो. सिक्युअर डेस्कटॉप जागेवर राहतो. विंडोजने ठेवलेलं खरं दार हेच.

अडचण याच्या उलट बाजूला आहे. आता टूलच्या कन्सोलमध्ये (आपल्या बाजूच्या नियंत्रणाच्या स्क्रीनमध्ये) जो लॉगिन करेल त्याचा हात प्रत्येक मशीनवर सिस्टिमपर्यंत पोचतो. सुरक्षा टीमने हाच मुद्दा धरला आणि बरोबर धरला. त्यांच्या अटी : कन्सोलला दोन-टप्पी लॉगिन, प्रत्येकाचं स्वतंत्र खातं, युजरने परवानगी दिल्याशिवाय सेशन सुरू होणार नाही, आणि कुठल्या गटाने कुठल्या मशीनवर जायचं याची विभागणी. ‘हेल्पडेस्क’ नावाचं सामायिक खातं बंद. त्यावर थोडी कुरकुर झाली.

नव्या किंवा बाहेर असलेल्या मशीनचा प्रश्न वेगळा. सर्व्हिस बसवायलाच अ‍ॅडमिन प्रॉम्प्ट येतो, म्हणजे किल्ली हवी आणि किल्ली कुलपाच्या आत. मशीन तयार करतानाच सर्व्हिस घालून द्यायची, मागाहून नाही, असं ठरलं.

१४ मार्च

काही कामांना स्क्रीन लागतच नाही. सर्व्हिस पुन्हा सुरू करणं, लॉग पाहणं, ड्रायव्हर बसवणं हे पॉवरशेल रिमोटिंगवरून (दुरून कमांड चालवायची सोय) होतं, पोर्ट ५९८५ किंवा ५९८६. डोमेनवरचं (संस्थेच्या सामायिक नेटवर्क व्यवस्थेतलं) अ‍ॅडमिन खातं असेल तर तिथे पूर्ण अधिकाराचं टोकन (अधिकारांचा परवाना) थेट मिळतं, प्रॉम्प्ट नाही, आणि युजरचं कामही थांबत नाही. टीममध्ये दोघांनाच हे जमतं. शिकवणी लावायला हवी.

१८ मार्च

पासवर्ड कुणाचा, हा आजचा विषय. खरं तर सगळ्या प्रकल्पातला हाच वादाचा भाग.

आजवर काहीजण प्रॉम्प्टमध्ये स्वतःचं डोमेन अ‍ॅडमिन खातं टाकत होते. हे तातडीने थांबवलं. युजरच्या मशीनवर मोठ्या अधिकाराचा पासवर्ड टाकला की त्याची खूण त्या मशीनच्या मेमरीत येते. मशीन आधीच कुणाच्या ताब्यात गेलेलं असेल, तर तिथून हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) उचलून तो पुढच्या सर्व्हरवर वापरता येतो. प्रिंटरच्या ड्रायव्हरसाठी सगळ्या डोमेनची जोखीम घेण्यात अर्थ नाही.

सगळ्या मशीनवर एकच लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड हा त्याहून जुना रिवाज. एक मशीन फुटलं की सगळी फुटली.

म्हणून विंडोज लॅप्स, लोकल खात्यांचे पासवर्ड आपोआप सांभाळणारी सोय. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजच्या आतच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. प्रत्येक मशीनच्या लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा, मशीन तो आपणहून बदलतं आणि डिरेक्टरीत (खात्यांच्या मध्यवर्ती यादीत) ठेवतं. वाचायचा अधिकार ठरावीक लोकांनाच. शिवाय ते खातं वापरलं गेलं की ठरावीक वेळाने पासवर्ड पुन्हा बदलायची सोय आहे. मुळात ही मुदत २४ तास असते, आम्ही ती कमीत कमी ठेवणार. फोनवर वाचून दाखवलेला पासवर्ड संध्याकाळपर्यंत मेलेला असावा, एवढाच हेतू.

एकाने विचारलं की मग युजरलाच पासवर्ड सांगून टाकायचा का, रिमोटने जायलाच नको. सर्व्हिस असेल तर नाही, आपणच टाकायचा. सर्व्हिस नसेल आणि दुसरा इलाजच नसेल, तर सांगायचा, पण त्याच कॉलमध्ये काम संपवून पासवर्ड बदलायला लावायचा.

२० मार्च

निवडक मशीनवर सुरुवात. दोन गोष्टी लगेच वर आल्या.

पहिली क्लिपबोर्डची. सहकाऱ्याने आपल्या मशीनवर लॅप्सचा पासवर्ड कॉपी केला, आणि टूलचा क्लिपबोर्ड दोन्हीकडे जुळलेला असल्याने तो युजरच्या मशीनवर जाऊन बसला. तिथे क्लिपबोर्ड हिस्टरी चालू असेल तर विंडोज-व्ही दाबलं की समोर. आता पासवर्ड काढण्याआधी क्लिपबोर्ड शेअरिंग बंद, आणि पासवर्ड की-स्ट्रोक म्हणून पाठवायचा.

दुसरी की-स्ट्रोकचीच. आपला कीबोर्ड लेआउट एक, युजरचा दुसरा, मग चिन्हं बदलून पडतात आणि पासवर्ड चुकीचा ठरतो. चौकटीत नुसते ठिपके, त्यामुळे काय चुकलं ते कळत नाही. पासवर्ड टाकण्याआधी लेआउट पाहा, हे यादीत घातलं. विंडोज ११ च्या २४एच२ पासून लॅप्समध्ये एकसारखी दिसणारी अक्षरं टाळणारा पर्याय आणि शब्दांचे पासफ्रेज, दोन्ही आहेत. ती मशीन वाढतील तसा त्रास कमी होईल. तोवर फोनवर ‘छोटा एल की मोठा आय’ चालूच.

२४ मार्च

एक टिकिट परत आलं : “इन्स्टॉल केलंत, पण मॅडमना ते दिसतच नाही.”

प्रोग्रॅम बसला होता, पण सेटिंग आणि शॉर्टकट गेले होते लोकल अ‍ॅडमिनच्या प्रोफाइलमध्ये. दुसऱ्याच्या खात्याने अधिकार दिले की तो प्रोग्रॅम त्या दुसऱ्या खात्याचा म्हणून चालतो. त्याची युजर-रजिस्ट्री वेगळी, डेस्कटॉप वेगळा, अ‍ॅपडेटा वेगळा. इन्स्टॉलरने ‘फक्त माझ्यासाठी’ निवडलं की त्याच्या लेखी ‘मी’ म्हणजे अ‍ॅडमिन. सगळ्या युजरसाठीचा पर्याय निवडायचा, आणि पहिल्यांदा चालवून पाहणं युजरच्याच खात्यातून, साध्या अधिकाराने करायचं.

याचंच भावंड म्हणजे नेटवर्क ड्राइव्ह. युजरला झेड ड्राइव्ह दिसतो, त्यावरून इन्स्टॉलर अ‍ॅडमिन म्हणून चालवला की ‘ड्राइव्ह सापडत नाही’. जोडणी त्याच्या लॉगिनची होती, अ‍ॅडमिनची नाही, आणि लॅप्सचं लोकल खातं त्या शेअरवर ओळखलंच जात नाही. फाइल आधी लोकल डिस्कवर घ्यायची. नवख्यांचा अर्धा तास इथे जातो.

२६ मार्च

मॅक. इथे प्रश्न वेगळ्या जागी आहे. मॅकओएस कॅटालिनापासून, म्हणजे २०१९ च्या १०.१५ पासून, स्क्रीन दाखवायची परवानगी युजरने स्वतः सेटिंग्जमध्ये द्यावी लागते, आणि व्यवस्थापनाच्या सिस्टिममधून ती परस्पर देता येत नाही. पुढच्या बिग सर आवृत्तीपासून एवढंच करता येतं की स्टँडर्ड युजरला ती परवानगी द्यायची मुभा द्यायची. तशी सेटिंगची प्रोफाइल पाठवली. माऊस-कीबोर्ड चालवायला लागणारी अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मात्र व्यवस्थापनातून देता येते. मॅक थोडे आहेत, एवढ्यावर थांबतो.

२८ मार्च

सर्व्हिस नसलेल्या मशीनसाठी फोनवर काय बोलायचं ते लिहून काढलं. नव्याने रुजू झालेल्या सहकारी बाईंनी पहिला मसुदा केला आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता, कारण त्यांना युजरची भाषा अजून आठवते.

“आता तुमची स्क्रीन जरा अंधारेल आणि मधोमध एक चौकट येईल. मला ती दिसणार नाही, तेव्हा लगेच काही दाबू नका. वर प्रोग्रॅमचं नाव काय लिहिलंय ते वाचून दाखवाल? त्याखाली प्रकाशक म्हणून कुणाचं नाव आहे? चौकटीची पट्टी निळी आहे की पिवळी?”

पिवळी म्हणजे प्रकाशक पडताळलेला नाही. तिथे थांबायचं, ‘नाही’ दाबायला सांगायचं आणि फाइल कुठून आली ते पाहायचं. ‘होय’ हे बटण फिकट असेल आणि पासवर्डची जागाच नसेल, तर त्या मशीनवर चालू असलेलं अ‍ॅडमिन खातंच नाही, मग फोनवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. प्रॉम्प्ट फार वेळ तसाच राहिला तर विंडोज तो स्वतःच नाकारतं, म्हणून पासवर्ड आधी काढून ठेवून मगच इन्स्टॉलर चालवायचा.

याच्याही आधी, फोनच्या सुरुवातीला बोलायची ओळख पटवणारी वाक्यं सुरक्षा टीमने घालायला लावली. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं की स्टॉर्म-१८११ या नावाने ते ओळखतात ती टोळी आधी लोकांच्या मेलबॉक्समध्ये कचरा-मेलचा पूर आणायची, मग ‘आयटीतून बोलतोय’ म्हणून फोन करून क्विक असिस्टने आत शिरायची, आणि शेवट ब्लॅक बास्टा रॅन्समवेअरपर्यंत (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) जायचा. आपल्या बोलण्यात आणि त्यांच्या बोलण्यात युजरला फरक काय दिसणार? म्हणून नियम : आपण आपणहून फोन करून सेशन मागायचं नाही. टिकिट युजरने काढलेलं हवं, त्या टिकिटचा नंबर आपण सांगायचा, आणि शंका वाटली तर युजरने फोन ठेवून हेल्पडेस्कच्या नेहमीच्या क्रमांकावर उलटा फोन करायचा. त्याने तसं केलं तर चिडायचं नाही, हेही लिहिलंय. गरज आहे.

२ एप्रिल

सेशन संपताना काय मागे राहतं, ते तपासलं. सापडलेली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे अ‍ॅडमिन म्हणून उघडलेली कमांड विंडो, तशीच उघडी, आणि नियंत्रण युजरकडे परत. एकदा दिलेले अधिकार त्या खिडकीसोबत राहतात, प्रॉम्प्ट पुन्हा विचारत नाही. अ‍ॅडमिन म्हणून चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमच्या ‘फाइल उघडा’ चौकटीतूनही दुसरे प्रोग्रॅम त्याच अधिकाराने सुरू करता येतात. सेशन सोडण्याआधी या खिडक्या बंद करणं आता टिकिट बंद करण्याच्या अटीत आहे.

नोंदीसाठी प्रक्रिया सुरू होण्याचं ऑडिट चालू केलं, विंडोजच्या लॉगमधला इव्हेंट ४६८८. त्यात टोकन एलिव्हेशनचा प्रकार (प्रक्रिया कुठल्या अधिकाराने चालली) दिसतो. टाइप २ म्हणजे अधिकार वाढवून चालवलेलं. पण फक्त टाइप २ शोधलं तर बिल्ट-इन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची कामं निसटतात, कारण मूळ सेटिंगमध्ये त्याचं टोकन विभागलंच जात नाही, तिथे टाइप १ येतो. अहवालात खात्याच्या नावानेही गाळणी लावली.

९ एप्रिल

प्रिंटरचे ड्रायव्हर ढकलून झाले, आणि त्या गठ्ठ्यातली टिकिटं जवळजवळ थांबली. सर्व्हिसचं टूल उरलेल्या मशीनवर टप्प्याटप्प्याने जातंय. सिक्युअर डेस्कटॉप सगळीकडे चालू आहे, आणि तो कुणी बंद केला तर पॉलिसी परत चालू करते.

राहिलेलं : पॉवरशेलची शिकवणी, तारीख ठरायची आहे. आणि ती ‘अपडेट’ नावाची फाइल. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना मॅनिफेस्टमध्ये ‘चालवणाऱ्याच्याच अधिकाराने चाल’ एवढी ओळ घालायला सांगितलंय. त्यांचं म्हणणं, पुढच्या आवृत्तीत बघू. तोवर नाव बदललेली प्रत डिप्लॉयमेंटमधून पाठवतो आणि शॉर्टकट तिकडे वळवतो.